सव्वा सूत

धारमधला पन्नाशीच्या पुढचा कुठलाही मराठी पुरुष गाठा आणि त्याच्या शर्टाच्या दोन्ही कफांना टेप लावा. डावा कफ उजव्यापेक्षा सव्वा सूत मोठा निघेल. नाही निघाला तर माझं नाव बदला. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढ्याशा फरकानं काय होतं, असं मी एकदा खटावकर मास्टरांना विचारलं होतं. त्यांनी कात्री खाली ठेवली, चष्मा कपाळावर चढवला आणि मी त्यांच्या दुकानात पान खाऊन थुंकल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

"मग घड्याळ कुठं राहील?" ते म्हणाले. "तुझ्या डोक्यावर?"

खटावकर मास्टर म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणारे शिंपी. त्यांचे कोणी खापरपणजोबा मराठी सरकारबरोबर, म्हणजे इथल्या राजघराण्याबरोबर, दक्षिणेतून इकडे आले आणि सरकारवाड्यात अंगरखे शिवू लागले. त्यानंतर त्या घरातलं कोणी परत दक्षिणेत गेलं नाही. पण भाषा मात्र त्यांनी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवावी तशी ठेवली. मास्टर गिऱ्हाइकाला "या" म्हणत नसत, "येणं करावं" म्हणत. शर्ट तयार होत नसे, "सिद्ध" होई. मी हिंदी शाळेत शिकलेला माणूस. मराठी लग्नपत्रिका आली तर अजून ओठ हलवून वाचतो. मास्टर बोलले की निम्मं मला कळायचं आणि उरलेलं घरी येऊन आईला विचारावं लागायचं. गंमत अशी, की तेच मास्टर तिरल्याहून आलेल्या शेतकऱ्याशी अशी ठसकेबाज माळवी बोलायचे, की तो शेतकरी त्यांना आपल्याच गावचा समजून घरच्या भांडणाची गोष्ट सांगत बसायचा.

लग्न त्यांनी केलं नाही. का नाही, ते कोणाला माहीत नाही. आई म्हणते, स्थळं आली होती, पण मास्टर मुलीच्या बापाच्या शर्टाची शिलाई बघूनच परत यायचे. आईच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. तरी बाकीचं निम्मं खरं असायला हरकत नाही.

तर हा सव्वा सूत. मास्टरांचं म्हणणं असं, की पुरुषाच्या डाव्या मनगटावर घड्याळ असतं, तेव्हा डाव्या कफात त्याची जागा ठेवणं हे शिंप्याचं काम. गिऱ्हाईक घड्याळ घालतं की नाही, हा प्रश्न गौण. सरदारपूरच्या एका व्यापाऱ्याच्या मुलासाठी त्यांनी अचकन शिवली होती, त्याची गोष्ट अजून सांगतात. वरातीच्या आदल्या दिवशी बाप अचकन घेऊन तणतणत आला. "मास्टर, डावी बाही ढीली है!"

"ढीली नहीं है," मास्टर शांतपणे म्हणाले. "खाली है. उसमें घड़ी आएगी."

"पर भिया, छोरा घड़ी पेनता ही नी!"

"तो पेनाओ."

आणि घालायला लावलं, खरंच. नवरदेवाच्या मामानं स्वतःच्या हातातलं घड्याळ काढून भाच्याच्या हाताला बांधलं, अचकन चपखल बसली आणि भाच्यानं ते घड्याळ काही परत दिलं नाही. तो मामा पुढे कित्येक वर्षं धारला आला की दुकानासमोर उभा राहून शिव्या देऊन जायचा. मास्टर त्यालाही चहा पाजायचे.

माझी गोष्ट मात्र वेगळी आहे. मी डावखुरा. पाचवीत असताना काकांनी मला घड्याळ दिलं, ते मी उजव्या हाताला बांधलं. घरी कटकट, शाळेत कटकट. त्या वर्षी गणेशोत्सवासाठी मास्टरांकडे शर्ट टाकला. त्यांनी माप घेतलं, माझ्या हाताकडे एकदा बघितलं आणि आकडा वहीत लिहून घेतला. शर्ट आला तेव्हा त्याचा उजवा कफ सव्वा सूत मोठा होता. माझ्या आईला मी डावखुरा आहे हे कबूल करायला त्यानंतर आणखी दोन वर्षं लागली.

आता मास्टरांच्या स्वतःच्या घड्याळाकडे येतो, कारण खरी रामकहाणी तिथंच आहे.

मास्टरांना घड्याळांचा शौक पहिल्यापासून. दुकानाच्या मागच्या खोलीत, अस्तराच्या ताग्यांच्या मागे, त्यांची अकरा घड्याळं होती. सगळी चावीची आणि सगळी जुनी. त्यात एक सोन्याच्या कवचाचं खिशातलं घड्याळ पणजोबांचं, सरकारवाड्यातून बक्षीस मिळालेलं. दर रविवारी ती अकराच्या अकरा एका मखमलीच्या तुकड्यावर मांडायची, पुसायची, चावी द्यायची, आणि सगळी एकदम टिकटिक करू लागली की डोळे मिटून बसायचं, हा त्यांचा देवपूजेच्या वरचा कार्यक्रम. लहानपणी मला तिथं बसायला मिळायचं. अट एकच, श्वास तोंडानं घ्यायचा नाही, काचेवर वाफ येते.

आणि एके दिवशी हा माणूस ती अकराही घड्याळं पेटीत घालून इंदूरच्या एका व्यापाऱ्याकडे घेऊन गेला, ती त्याच्या हवाली केली आणि त्या बदल्यात एक, फक्त एक, कोरं करकरीत परदेशी घड्याळ मागवलं. त्यातही कहर म्हणजे ते घड्याळ मुद्दाम जुन्यासारखं बनवलेलं! गल्लीत हाहाकार झाला. अस्सल जुनी अकरा देऊन नकली जुनं एक घेतलं, पणजोबांचं बक्षीससुद्धा घालवलं, म्हातारा सटकला, असं जो तो बोलू लागला. मीही बोललो. तेव्हा माझ्या तोंडाला आवर नव्हता, आताही फारसा नाही.

मास्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मला मात्र त्यांनी कारण सांगितलं.

"अकरा घड्याळं होती बरं का. पण प्रत्येक कोणाचं ना कोणाचं. हे पणजोबांचं, ते कोण्या दरोगासाहेबांचं, ते कोण्या मास्तराचं. हाताला लावलं की तो माणूस मध्ये येऊन उभा राहायचा. मी नुसता त्यांचा राखणदार. हे वळणानं जुनं आहे, पण ह्याला पहिला हात माझा लागला. माझ्या आधी हे कोणाचं नव्हतं."

हे ऐकून मी हसलो होतो. आता आठवलं की लाज वाटते.

पण घड्याळ होतं मात्र देखणं. मी ते तेव्हा एकदा नीट बघितलं, पेटीतून निघालं त्या दिवशी. तबकडी पांढरी नाही, पिवळी नाही, सायीच्या रंगाची. आकडे फक्त दोन, वर बारा आणि खाली सहा. बाकी सगळीकडे बारीक रेघा. सेकंदाचा काटा मुख्य काट्यांबरोबर पळत नाही. त्याला खाली सहाच्या जागी वेगळं छोटं अंगण दिलेलं, तिथं तो बिचारा एकटा फिरतो. काटे सुईसारखे, निळसर. तारीख नाही. तारीख दाखवणारं घड्याळ मास्टरांना चुगलखोर वाटायचं. आणि जाडी किती? मास्टरांनी कोटाच्या कापडाची चौपदरी घडी घातली, घड्याळ शेजारी ठेवलं, आणि घडी जाड निघाली.

"ह्याला ड्रेस वॉच म्हणतात," त्यांनी मला सांगितलं. "म्हणजे पोशाखाचं घड्याळ. हे कफाच्या आत राहतं आणि हात लांब केला की सुळकन एवढंसं बाहेर येतं. ज्याला नजर आहे त्याला दिसतं. काम झालं की परत आत. कळलं का? घड्याळ दाखवायचं नसतं. दिसायचं असतं."

मग भिंग लावून त्यांनी पट्टा तपासला. तपकिरी चामड्याचा पट्टा, छोटं सोनेरी बक्कल. बराच वेळ ते टाके मोजत होते. शेवटी भिंग खाली ठेवलं आणि म्हणाले, "इंचाला चौदा. मी आयुष्यभर बारा घातले." दुसऱ्या कोणाची शिलाई त्यांनी कबूल केलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

घड्याळाचे कायदेही होते. रोज सकाळी चावी द्यायची. पण चावी देताना घड्याळ हातावर नको, काढून घ्यायचं. हातावर दिली तर चावीच्या दांडीवर आडवा ताण येतो म्हणे. "बाही अंगात असताना काज करतं का कोणी?" पूर्ण चावी दिली की घड्याळ पावणेदोन दिवस चालतं. झोपताना काढून मखमलीवर ठेवायचं. साध्या कपड्यांवर घालायचं नाही, घामात घालायचं नाही, आणि कोणी "दाखवा" म्हटलं तर मुळीच दाखवायचं नाही.

इथंच घोटाळा झाला. धारमध्ये न मागता बघणारा माणूस मिळेना.

लोक यायचे आणि सरळ म्हणायचे, "मास्टर भिया, वो घड़ी दिखाओ नी!" मास्टर मान हलवायचे. "मागून बघतात का?" त्यामुळे लोक चिडायचे. काहींनी तर घड्याळ नाहीच म्हणून उठवलं. दुसरीकडे मास्टर लग्नाकार्यात आपला बंद गळ्याचा कोट घालून जायचे, घड्याळ कफात, आणि कोणाला तरी ते आपोआप दिसावं म्हणून जिवाचा आटापिटा करायचे. पंगतीत जेवायचं उजव्या हातानं, म्हणून डाव्याला काम हवं. त्यासाठी त्यांनी पाण्याचा ग्लास वीतभर लांब ठेवायची युक्ती काढली. ग्लासासाठी डावा हात लांब केला की घड्याळ बाहेर. माझ्या आतेबहिणीच्या लग्नात मी समोरच बसलो होतो. मास्टर नऊ ग्लास पाणी प्यायले. वाढपी म्हणाला, "काकांना तिखट लागलंय, श्रीखंड आणा." घड्याळाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मी पाहिलं होतं, पण मी तेव्हा हसू दाबण्यात गुंतलो होतो.

बोलायला हवं होतं हो. एक वाक्य बोलायला माझं काय जात होतं?

पुढं मला देवासला कारखान्यात नोकरी लागली. शनिवारी संध्याकाळी इंदूरवरून धारला यायचं, सोमवारी पहाटे परत. बाबा गेल्यावर घरी आई एकटी, म्हणून एकही रविवार चुकवत नाही. पण मास्टरांकडे जाणं कमी झालं. खरं सांगायचं तर टाळू लागलो. कारण मी तयार शर्ट घालायला लागलो होतो, आणि ते घालून त्यांच्या दुकानावरून जायचं म्हणजे हॉटेलात खाऊन घरी आईच्या पानावर बसण्यासारखं. मी पलीकडच्या बाजूनं जायचो. माझं घड्याळ तर कधीच सुटलं होतं, वेळ मोबाइलवर बघतो. त्यांच्याकडेही आता शिवायला कोण टाकतंय? मोहनखेड्याच्या तीर्थाला निघालेल्या यात्रेकरूंची गाडी थांबली की एखाद्याचा कुर्ता उसवलेला असायचा, तेवढं काम. बाकी तयार पँटी आखूड करायच्या.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका रविवारी आईनं मला पकडलं. "त्या शर्टाच्या बाह्या बोटांपर्यंत येतात तुझ्या. जा मास्टरांकडे. आणि ह्या करंज्या दे. किती दिवस झाले रे, ते आलेच नाहीत घरी."

मी शर्टाचं लेबल आत दुमडून दुकानात गेलो, जसं काही त्यांना कळणारच नव्हतं.

"येणं करावं, देवासकर," मास्टर म्हणाले. शर्ट हातात घेतला, कापड चोळून बघितलं, काही टोमणा मारला नाही. मला तेच आधी खटकलं. मग त्यांनी खडूनं खूण करायला डबी उघडली आणि माझं लक्ष त्यांच्या स्वतःच्या कफाकडे गेलं. दोन्ही कफांना बटणं नव्हती. टिचबटणं होती.

आता तुम्हांला सांगतो, टिचबटण ह्या वस्तूवर मास्टरांचा जन्माचा राग. "काज न करता लावलेलं बटण म्हणजे मुहूर्त न बघता केलेलं लग्न," असं म्हणून त्यांनी गिऱ्हाइकं परत पाठवलेली मी पाहिली आहेत. आणि आज तोच माणूस अंगात टिचबटणं लावून बसलाय!

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी वरच्या खुंटीवरचा हँगर काढायला डावा हात लांब केला. कफ मागे सरकला. मी बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न सांगता, मी मुद्दाम तिथं बघितलं. मनगट उघडं होतं. घड्याळाची जागा रिकामी होती आणि कफ नुसता लोंबत होता.

"मास्टरकाका, घड्याळ?"

"मागून बघतात का?" सवयीनं ते म्हणाले.

"मागत नाहीये. दिसलं नाही म्हणून विचारतोय."

मास्टरांनी हँगर खाली ठेवला. मग मागच्या खोलीत गेले आणि मखमलीच्या तुकड्यात गुंडाळलेलं घड्याळ घेऊन आले. ते चालू होतं. सायीच्या तबकडीवर तो छोटा सेकंदाचा काटा आपल्या अंगणात फिरत होता.

"चावी रोज देतो," ते म्हणाले. "चावीचं टोक तळहातावर घासलं की फिरतं, तेवढं जमतं. बक्कल नाही जमत. बोटांना आता ते भोक सापडत नाही. सुई टोचली तरी कळत नाही, मग भोक कुठलं कळायला? घड्याळ बांधायचं म्हणजे एका हातानं दुसऱ्या हाताला. हा धरतो तर तो सुटतो." त्यांनी पट्टा माझ्यापुढे धरला. टोकाशी चामड्यावर चार बारीक खळगे होते. "एकदा दातांनी धरून बघितलं. ही खूण उमटली. तेव्हापासून ठेवून दिलंय. दीड वर्ष झालं असेल."

इंचाला चौदा टाक्यांच्या पट्ट्यावर दातांच्या खुणा. मी मूर्खासारखं म्हणालो, "कोणाला सांगायचं ना काका. चहावाला आहे, समोरचा किराणावाला आहे. कोणीही बांधून दिलं असतं."

"काय सांगू? या आणि माझा हात धरा?" ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "पन्नास वर्षं मी लोकांचे हात धरतोय रे, मापासाठी. लहानांचे, म्हाताऱ्यांचे, नवरदेवांचे. कोणाचं मनगट कसं, झोपेत विचार, सांगेन. माझा हात धरा, असं म्हणायची कधी वेळ आली नाही. सवय नाही, दुसरं काय."

मी म्हणालो, "आणा इकडे."

त्यांनी हात पुढे केला. मी डावखुरा, त्यात घाबरलेला. घड्याळ दोनदा निसटलं. मास्टर "हळू, हळू" म्हणत होते. "तिसरं भोक," ते म्हणाले. तिसऱ्या भोकात बक्कल बसलं तेव्हा त्यांनी कफ खाली ओढला आणि टिचबटण दाबलं. कफ चपखल बसला. मग ते घाईघाईनं आत गेले आणि अंगात बंद गळ्याचा कोट घालून आले, साध्या कपड्यांवर घालायचं नाही म्हणून. कोटालाही आता टिचबटणंच होती.

मी त्यांना ओढूनच घरी चहाला आणलं. आईनं पाण्याचा ग्लास समोर ठेवला. मास्टरांनी तो हळूच लांब सरकवला. आईला वाटलं, ह्यांचा हात पोचत नाही, तिनं बिचारीनं तो जवळ आणून ठेवला. मास्टरांनी पुन्हा लांब सरकवला. आईनं पुन्हा जवळ. मी चहा नाकात जाईपर्यंत गप्प बसलो. तिसऱ्यांदा मास्टरांनी ग्लास टेबलाच्या पार टोकाला नेला, हात लांब केला, आणि आई म्हणाली, "अगंबाई भावजी, घड्याळ किती नाजूक आहे हो! नवीन का?"

मास्टरांनी हात मागे घ्यायला जरा वेळ लावला. "नवीन नाही वहिनी. जुन्या वळणाचं आहे." कान मात्र लाल झाले होते. करंज्या त्यांनी सहा खाल्ल्या.

सोमवारी मी देवासला गेलो. गुरुवारी आईचा फोन. "अरे, तुझे मास्टर बिघडले रे पार. डाव्या हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, वर सुतळी गुंडाळतात आणि अंगणातल्या नळाखाली हात वर करून आंघोळ करतात. गल्लीतली पोरं त्यांना जनगणमन म्हणून दाखवतात. किराणावाला म्हणाला, हात मोडला का, तर म्हणे, मोडला नाही, कामात आहे. डॉक्टरला दाखवायचं का?"

"डॉक्टर नको," मी म्हणालो. "मी रविवारी बघतो."

रविवारी सकाळी आंघोळ उरकून तडक दुकानात गेलो. मास्टर बंद गळ्याचा कोट घालून यंत्राशी बसले होते आणि एक पँट आखूड करत होते. मला बघून त्यांनी मुद्दाम लांब ठेवलेल्या रिळासाठी डावा हात पुढे केला. घड्याळ बाहेर आलं.

"दिसलं काका, दिसलं," मी म्हणालो. "छान दिसतंय."

मग माझं काट्यांकडे लक्ष गेलं. पाचाला चार कमी. दहा वाजायला आले होते. छोटा सेकंदाचा काटा जागच्या जागी उभा होता.

"हे तर बंद आहे."

"हो. मंगळवारी पहाटे थांबलं."

"चावी नाही दिली?"

"हातावर देत नाहीत." मी विसरलो म्हणून त्यांना जरा रागच आला.

"मग काढायचं आणि द्यायची! रात्री झोपताना तरी काढायचं. पिशव्या काय, सुतळ्या काय! आठवडाभर ते बंद घड्याळ..."

"काढलं असतं तर घातलं कोणी असतं?"

मास्टरांनी यंत्राचं चाक हातानं थांबवलं. त्यांच्या आवाजात कुठलं गाऱ्हाणं नव्हतं. कापड किती लागेल ते सांगावं, तसं ते सांगत होते.

"आणि बंद पडलं त्याचं काही नाही रे. उलट बरं झालं. टिकटिक थांबली आणि मला कळलं, मंगळवार उजाडला. आता पाच दिवस राहिले तुला यायला."

त्यांनी हात पुढे केला. मी बक्कल सोडलं, घड्याळ काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी चावीचं टोक तळहातावर घासत चावी दिली, किती फेरे ते मनात मोजत, ओठ हलवत. सेकंदाचा काटा चालू लागला. त्यांनी वेळ विचारली, मी मोबाइल बघून सांगितली, काटे लावले. मग मी पुन्हा पट्टा बांधला. तिसरं भोक. ह्या खेपेला बक्कल पहिल्या झटक्यात बसलं.

"झालं," मास्टर म्हणाले.

"झालं," मी म्हणालो, आणि तरी त्यांचं मनगट जरा वेळ तसंच धरून ठेवलं.